पिकअप वाहनाच्या टायरची आकारवाढ

पिकअप वाहनाच्या टायरची आकारवाढ : उत्पादकाने ठरवून दिलेल्या टायरऐवजी अधिक व्यासाचे किंवा अधिक रुंदीचे टायर मालवाहू पिकअपला बसविणे. नायगाव (जि. नांदेड) परिसरासारख्या काळ्या मातीच्या मुलखात या बदलाची ओढ शेतमालाच्या वाहतुकीतून निर्माण होते; कारण नांदेड–देगलूर मार्गावर वेगाने धावणाऱ्या गाडीलाच सोयाबीनचे कट्टे उचलण्यासाठी ओल्या पाणंदीत शिरावे लागते आणि भरल्या मालासह मोंढा (धान्यबाजार) गाठावा लागतो.

मापन : टायरच्या बाजूवर छापलेल्या ‘२१५/७५ आर १५’ या खुणेत २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ ही रेडियल रचना आणि १५ हा डिस्कचा इंचांतील व्यास होय. या टायरचा व्यास सु. ७०४ मिमी. भरतो, तर त्याच डिस्कवरील ‘२३५/७५ आर १५’ टायरचा सु. ७३४ मिमी.; म्हणजे व्यास ३० मिमी.ने वाढला, तरी आस जमिनीपासून त्याच्या निम्म्याने, १५ मिमी.नेच उचलला जातो.

परिणाम : मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापत असल्याने वरील उदाहरणात वेगदर्शकावर ताशी ६० किमी. दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी सु. ६२.६ किमी. वेगाने जाते. त्याच गिअरमध्ये चाकाची ओढ सु. ४ टक्क्यांनी घटते, म्हणून चढावर क्लचवर ताण येतो. ब्रेकलाही तेवढ्याच प्रमाणात अधिक जोर लावावा लागतो.

काळ्या मातीत गाडी रुतण्याचे कारण केवळ टायर लहान असणे हे नसते. या मातीतील चिकण खनिजे पाण्याने फुगतात, चिखल टायरच्या नक्षीत भरून बसतो आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागते. टायर व मडगार्ड यांतील फट मोठ्या टायरने कमी झाली, तर तोच चिखल तेथे साचून चाक जखडतो. टायर जमिनीवर देत असलेला दाब साधारणतः आतील हवेच्या दाबाइतका असतो, त्यामुळे हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केल्याने फारसा लाभ होत नाही. मोठा टायर तेच ओझे कमी हवेवर पेलू शकतो हा त्याचा खरा फायदा; परंतु शेतात कमी केलेली हवा डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरणे आवश्यक असते, अन्यथा टायर तापून फुटण्याचा धोका संभवतो.

बसवणी : नव्या टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी व डिस्कची रुंदी त्याला मानवणारी असावी. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पाटे दबतील इतका माल भरून टायर कोठे घासतो काय, हे तपासावे लागते. रिकाम्या गाडीत दिसणारी फट फसवी असते. स्टेपनीही त्याच मापाची असावी.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. म्हणून पर्यायी माप उत्पादकाने मान्य केलेले असावे, अन्यथा पासिंगच्या वेळी अडचण येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी. खोल असावी लागते.

मर्यादा : एकूण वजनाची मर्यादा चॅसी, पाटे, आस व ब्रेक यांवर ठरत असल्याने मोठ्या टायरमुळे ती वाढत नाही, आणि वाढली असे समजून भरलेला जादा माल चालकाच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवावर बेततो. बहुतेक शेतकरी व गाडीमालकांसाठी मूळ मापाचा खोल नक्षीचा टायर अधिक हिताचा ठरतो. रुतण्याच्या अडचणीचे मूळ मात्र रस्त्यातच असल्याने, महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेसारखे उपाय टायरच्या मापाहून अधिक मोलाचे आहेत.