समुद्रांतील टांकसाळ

‘फुटकी कवडीहि देणार नाहीं’ असें आपल्याकडे कोणी त्राग्यानें म्हणतो, तेव्हां कवडी हें एके काळीं खरेंखुरें नाणें होतें याची त्याला क्वचितच आठवण असते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील काँगोच्या राज्यांतहि असेंच नाणें चालत असे. मात्र तें कवडीचें नव्हे. ‘न्झिम्बू’ नांवाच्या, बोटाच्या पेराहूनहि लहान अशा समुद्री गोगलगाईच्या शंखाचें.

हा प्राणी दिसावयास नाजूक, पण वृत्तीनें शिकारी. वाळूंत स्वतःस पुरून घेऊन तो बारीकसारीक जीवांवर निर्वाह करतो. चालतांना त्याच्या पायाच्या मांसल पाळी शंखावर चढलेल्या असतात. त्यामुळें वाळूच्या घर्षणांतहि शंख नुकताच पुसून ठेवल्यासारखा चकचकीत राहतो.

हे शंख मुख्यतः लुआंडा बेटाभोवतीं मिळत आणि तें बेट काँगोच्या राजाच्या मालकीचें होतें. त्या राजाचा वकील म्हणून युरोपांत गेलेल्या दुआर्ते लोपेश या पोर्तुगीज व्यापाऱ्याची हकीकत फिलिप्पो पिगाफेत्ता यानें १५९१ सालीं रोम येथें प्रसिद्ध केली. स्त्रिया समुद्रांत बुडी मारून टोपल्या वाळूनें भरीत, ती चाळून शंख वेंचीत आणि त्यांतील नर व मादी वेगळे करीत, असें तींत वर्णन आहे. मादीचा शंख अधिक तेजस्वी, म्हणून मोलहि तिलाच अधिक! सोन्यारुप्याचें नाणें तेथें चालत नसे. वीस हजार शंखांचा एक ‘कोफो’ होई. राजास निराळी टांकसाळ नको होती. समुद्रच ती चालवीत होता.

पोर्तुगीज १४८३ च्या सुमारास काँगोंत आले, ते प्रथम मित्र म्हणून. पुढें १५७५ सालीं पाउलो दियश द नोव्हाइश लुआंडा बेटावर उतरला आणि लवकरच समोरच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज शहर उभें राहिलें. टांकसाळीच्या दारांतच परकी ठाणें बसलें! खरा घाव मात्र तलवारीचा नव्हता. ब्राझीलच्या किनाऱ्यावर असेच शंख सांपडतात. सतराव्या शतकाच्या आरंभीं व्यापाऱ्यांनीं ते जहाजांतून आणून आफ्रिकेंत ओतले आणि त्यांच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं. राजाच्या करांत येणारे शंख पूर्वीइतकेच, पण त्यांत माल मात्र पूर्वीइतका येईना.

१६४१ मध्यें डचांनीं लुआंडा जिंकलें, तेव्हां काँगोचा राजा गार्सिया दुसरा यानें त्यांचा पक्ष धरला. १६४८ सालीं पोर्तुगीज परत आले व त्यांनीं तहाच्या अटींत बेटच मागितलें. पुढच्या लढाईचें निमित्त निराळें होतें. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षीं, १६६५ च्या ऑक्टोबरांत, म्ब्विला येथें राजा अंतोनियो पहिला रणांत पडला. त्याचें मस्तक विजेत्यांनीं लुआंडास नेऊन तेथील एका चर्चमध्यें पुरलें.