इन्व्हर्टरच्या इशाऱ्यावर जनरेटर आपोआप कसा सुरू होतो? जोडणी करताना काय काळजी घ्यावी?

बॅटरी उतरत आली की जनरेटर आपोआप सुरू व्हावा, यासाठी दवाखाने, शेतघरं आणि सोलरवर चालणाऱ्या घरांत इन्व्हर्टरला 'ऑटो स्टार्ट' जोडलं जातं. सोय मोठी आहे. पण जोडणी चुकली तर इन्व्हर्टर जळू शकतो, माणसाचा जीवही जाऊ शकतो.

ही यंत्रणा चालते कशी?

अनेक मोठ्या इन्व्हर्टरमध्ये यासाठी एक छोटा रिले असतो. बॅटरीचं व्होल्टेज ठरवलेल्या पातळीखाली गेलं की त्याचे दोन संपर्क जुळतात. याला 'ड्राय कॉन्टॅक्ट' म्हणतात, कारण तो स्वतः वीज पुरवत नाही, फक्त स्विचचं काम करतो. हा इशारा जनरेटरच्या कंट्रोलरला मिळतो आणि कंट्रोलर इंजिन सुरू करतो.

हा रिले काही अँपिअरच झेलू शकतो. डिझेल इंजिनाच्या स्टार्टर मोटरला शंभराहून जास्त अँपिअर लागू शकतात. त्यामुळे मोटर थेट रिलेला कधीच जोडू नये. इशाऱ्याच्या तारा २३० व्होल्टच्या तारांपासून वेगळ्या पाइपमधून न्याव्यात.

जनरेटरची वीज कुठे जोडायची?

इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला. आउटपुटला जोडल्यास दोन्हींची वीज एकमेकांवर आदळते आणि इन्व्हर्टर जळू शकतो.

घरात लाइटची जोडणीही असेल, तर दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी बाहेर जाते. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून ती हजारो व्होल्टची होऊ शकते आणि बंद समजून लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू शकतो.

सेटिंग काय ठेवायचं?

पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं. तेवढ्यावर जनरेटर सुरू होऊ नये म्हणून काही मिनिटांचा विलंब ठेवतात. सुरू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत पुरेसं अंतर हवं.

चार्जिंगचा लोडही मोजावा. ४८ व्होल्टच्या बॅटरी ५० अँपिअरने चार्ज होत असतील, तर त्यासाठीच सुमारे ३ किलोवॅट लागतात. घरातला लोड त्यावर वेगळा.

सर्वांत मोठा धोका कोणता?

हे यंत्र कोणी जवळ नसताना, रात्री सगळे झोपेत असतानाही सुरू होतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून जनरेटर उघड्यावर, खिडक्या-दारांपासून लांब ठेवावा.

ऑइल बदलताना किंवा बेल्टला हात लावताना यंत्र अचानक फिरू शकतं. 'ऑटो-बंद-मॅन्युअल' स्विच जनरेटरजवळच असावा. कामाआधी तो बंद करून स्टार्टर बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी.

अर्थिंग आणि न्यूट्रलची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.