पारितोषिक कुणाला?

पोफळीच्या वीजघरात कोयनेचे पाणी किती येते, किती उंचीवरून पडते, त्यावरून विजेचे गणित आधी मांडता येते. पण यंदाचे पारितोषिक कोणत्या कादंबरीला, हे गणित कुणाला मांडता येईल काय? मागचा इतिहासच पाहा ना.

वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्यास शिक्षक झाले. तेव्हा शिरोडे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. त्यांची ‘ययाति’ 1959 साली निघाली. 1960 साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इथवरचा अंदाज एखाद्याने बांधलाही असता. पण पुढे 1974 साली तिलाच ज्ञानपीठ मिळाले, मराठीला पहिलेच! पुस्तक निघाले तेव्हा जो पुरस्कार जन्मलाच नव्हता, त्याचे भाकीत कोण करणार?

आता दापोलीकडच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे घ्या. ‘गारंबीचा बापू’ 1952 सालची. वाचकांनी ती उचलून धरली. अकादमीचा मान मात्र मिळाला तो 1963 साली ‘रथचक्र’ला.

असे का होते? परीक्षक मोजके असतात आणि विचार होतो तो ठरावीक वर्षांतल्या पुस्तकांचा. शेजारी दुसरी पुस्तके आली, की निकालही निराळा लागायचा.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या कपाटासाठी पुस्तक घेताना निकालाची वाट पाहत बसू नका. चार पाने मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. मुले पाचवे पान मागू लागली, की ते पुस्तक खुशाल घ्या.