संत्र्याच्या रसाचा सौदा

1983 साली आलेल्या ‘ट्रेडिंग प्लेसेस’ या हॉलिवूडपटाचा शेवट बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावरून जातो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात दलालांची झुंबड उडालेली, प्रत्येक जण हात उंचावून ओरडतोय, फलकावरचे आकडे धावताहेत. बघता बघता ड्यूक आडनावाचे दोन गर्भश्रीमंत म्हातारे भाऊ कंगाल होतात आणि त्यांनीच रस्त्यावर आणलेला विन्थॉर्प आपला जोडीदार बिली रे याच्यासह मालामाल होतो. कोण जिंकलं ते शेंबड्या पोरालाही कळतं. कसं जिंकलं, ते मात्र विचारू नये. इटलीतली एक वाहिनी वर्षानुवर्षं हा चित्रपट नाताळच्या आदल्या रात्री दाखवते आणि वायद्याशी काडीचाही संबंध नसलेली घरंच्या घरं तो आवडीने बघतात.

दिग्दर्शक जॉन लँडिसला याची कल्पना असावी. मध्यंतरी ड्यूक बंधू बिली रेला धंदा समजावतात. टेबलावर कॉफी, गहू, सोनं मांडून ठेवलेलं. डुकराच्या मांसापासून बेकन होतं आणि ते सँडविचमध्ये घालतात, इथपर्यंत त्यांची शिकवणी उतरते. तेव्हा बिली रे झालेला एडी मर्फी क्षणभर थेट कॅमेऱ्यात बघतो. ‘हे मला सांगताय?’ असा तो चेहरा. पण खरी गोम वायद्यात आहे आणि ती कुणीच समजावत नाही.

तसं गणित सोपं आहे. संत्र्याचं पीक थंडीने गेलं, असा खोटा सरकारी अहवाल नायक ड्यूक बंधूंच्या हाती पडू देतात. रस महागणार म्हणून भाऊ वाट्टेल त्या भावाला घेत सुटतात आणि त्यांचं बघून सगळा बाजारच तेजीत येतो. भाव पौंडाला 1 डॉलर 42 सेंटवर पोचला की नायक विकायला लागतात. माल हातात नाही. वायद्यात तो असावा लागत नाही, मुदतीच्या आत तितकाच परत घेतला की भागतं. मग खरा अहवाल जाहीर होतो. पीक उत्तम! भाव 29 सेंटपर्यंत कोसळतो. एक वायदा 15,000 पौंडांचा. वर विकून अगदी तळाला घेतला, तर एकाच वायद्यात 16,950 डॉलर सुटतात. भावांवर मात्र 39 कोटी 40 लाख डॉलर तिथल्या तिथे भरायची वेळ येते.

अहवाल फोडणं ही पटकथाकारांच्या डोक्यातली कल्पना वाटेल, पण अमेरिकेत ते खरंच घडलं होतं. 1905 साली कृषी खात्यातल्या एडविन होम्स या अधिकाऱ्याने कापसाच्या पिकाचे अंदाज दलालांना पुरवले. त्याची युक्ती मोठी नामी होती: खिडकीचा पडदा ठरल्याप्रमाणे वरखाली करायचा आणि बाहेरच्याने खूण ओळखायची. पुढे हे अंदाज बंद खोलीत तयार होऊ लागले. पडदे सीलबंद, दूरध्वनी तोडलेले, दारावर पहारा.

त्याहून गंमत म्हणजे, चोरलेल्या सरकारी माहितीवर वायदे करायला थेट बंदी घालणारा कायदा चित्रपट आला तेव्हा नव्हताच. मार्च 2010 मध्ये वायदे बाजार नियामक संस्थेचे प्रमुख गॅरी गेन्सलर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे याच चित्रपटाचा दाखला देऊन तशी बंदी मागितली. त्याच वर्षीच्या डॉड-फ्रँक कायद्यात ती आली. लोक तिला ‘एडी मर्फी नियम’ म्हणतात.

रसाचे वायदे 1966 पासून न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या छत्राखाली होत. या एक्स्चेंजचं नाव मुंबईच्या गिरणगावाला चांगलं परिचयाचं होतं. तिथल्या कापसाचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांवर आकडा लागे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायची शक्कल निघाली. तोच मटका, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ त्यात तसेच राहिले. कापसाच्या बाजारात काय चाललंय हे कळण्याची गरज आकडा लावणाऱ्यांना कधीच पडली नव्हती.

चित्रपटातला गोंगाट सेटवरचा नाही. तो वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या खऱ्या सौदे-दालनात चित्रित झाला होता. ती इमारत 2001 च्या हल्ल्यात गेली. ओरडून सौदे करायची रीतही फार टिकली नाही: मुंबई शेअर बाजारातली रिंग 1995 मध्ये संगणकांनी बंद पाडली, न्यूयॉर्कचे रसाचे वायदे 2008 मध्ये पूर्णपणे पडद्यावर गेले. फ्लोरिडातल्या बागांवरचा रोग आणि ब्राझीलमधला दुष्काळ यांमुळे 2024 मध्ये या रसाने पौंडाला 5 डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या वेळी एकाही दलालाला घसा कोरडा करावा लागला नाही.