प्रस्तावना : नागपूर परिसरातील बौद्ध स्थळे पाहताना

महाराष्ट्रातले बौद्ध अवशेष म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही नावे ओठांवर येतात. ती यावीतच. पण या यादीमुळे पूर्व विदर्भ मात्र मागे राहतो, आणि नागपूर हे ताडोबाला किंवा पेंचला जाताना उतरण्याचे शहर ठरते. या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की बौद्ध परंपरेची दोन हजार वर्षांपूर्वीची पावले आणि आजची वर्दळ एकमेकांच्या इतक्या जवळ दिसतील असे मुलूख देशात फार नाहीत. नागपुराहून सकाळी निघालात तर ही दोन्ही टोके एका दिवसात पाहता येतात.

सुरुवात दीक्षाभूमीपासून करावी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून इथे धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. आजचा स्तूप वास्तुकार शिवदान मल यांच्या आराखड्यावर उभा राहिला आणि 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाहेरून तो सांचीची आठवण देतो, पण प्राचीन स्तूप आतून भरीव असत, हा पोकळ आहे. प्राचीन स्तूपाला प्रदक्षिणा घालायची असते. इथे माणसे आत जाऊन घुमटाखाली शांत बसतात. आमच्या मते आधुनिक भारतीय वास्तुकलेतला हा अतिशय विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. गर्दी सोसत असेल तर दसऱ्याच्या दिवसांत जावे. पांढऱ्या वस्त्रांतली खेड्यापाड्यांतली कुटुंबे आणि परिसरात मांडलेली पुस्तकांची दुकाने पाहावीत. परत जाणाऱ्या कित्येकांच्या पिशवीत पुस्तके असतात, आणि विदर्भाने याचा अभिमान बाळगावा.

कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर 1999 सालचे. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकारातून ते उभे राहिले; आतली बुद्धमूर्ती चंदनाची आहे. जपानशी या भूमीचे नाते इथे नव्याने सुरू झालेले नाही. मूळचे जपानी असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई 1960च्या दशकात भारतात आले आणि नागपूरचेच झाले. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननामागेही त्यांचीच तळमळ होती.

मनसरला मात्र घाईने जाऊ नये. हिडिंबा टेकडीवर विटांचे विशाल बांधकाम उघडे झाले आहे, आणि ते कोणाचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा या उत्खननकर्त्यांनी इथल्या अवशेषांत बौद्ध वास्तू पाहिल्या आणि लोकपरंपरेने या परिसराशी जोडलेल्या बौद्ध आचार्य नागार्जुनांचा धागा धरला. हान्स बाकर यांच्यासारख्या संशोधकांना मात्र इथे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे शिवालय, प्रवरेश्वर, दिसते. याच मनसरची 1972मध्ये सापडलेली देखणी शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वाचकांनी दोन्ही बाजू आधी वाचाव्यात, मग टेकडी चढावी, आणि निकाल देण्याची घाई करू नये. एकाच जागेवर पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या श्रद्धा नांदल्या असतील, ही शक्यता डोक्यात ठेवून पाहिले की विटांच्या थरांकडे लक्ष अधिक बारकाईने जाते.

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे आमचे सर्वांत आवडते ठिकाण. वैनगंगेकाठच्या या जुन्या गावात 1969-70 साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले, आणि जगन्नाथ टेकडीखालून सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा स्तूप उजेडात आला. इथल्या शिल्पांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे, तर दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. एका वेदिकेसाठी, म्हणजे स्तूपाभोवतीच्या कठड्यासाठी, कोणी खांब दिला, कोणी सूची म्हणजे आडवा दगड दिला. दीक्षाभूमी आधी पाहिली असेल, तर वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या श्रद्धास्थानाची ही रीत किती जुनी आहे हे तुम्हाला पवनीत वेगळे सांगावे लागणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळची विजासन लेणी आहेत. लांब, अंधारे बोगदे आणि टोकाशी बसलेले बुद्ध. विजेरी जवळ ठेवावी.

शेवटी बौद्ध नसलेले, पण वर आलेल्या जपानच्या उल्लेखावरून आठवलेले एक ठिकाण. जपानमध्ये मंदिर आणि उष्ण झरा यांची जोडी प्रवाशाला सहज भेटते. इझू द्वीपकल्पातले शुझेन्जी हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तशी जोडी आपल्याकडे शोधणाऱ्याने विदर्भाच्या सीमेलगत, मराठवाड्यातल्या किनवट तालुक्यात, पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला जावे. तिथले मंदिर शिवाचे आहे, आणि कथा शरभंग ऋषी व रामाच्या बाणाची. आपल्याकडे जपानसारखे धगधगते ज्वालामुखी नाहीत. इथे पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. त्वचेच्या विकारांवर गुण येतो या श्रद्धेने लोक कुंडावर येतात. त्यांच्यासाठी जागा सोडावी, साबण वापरू नये, आणि नागपूरहून त्याच दिवशी परतण्याचा अट्टहास न धरता माहूरला मुक्काम करावा.