त्रिनिदाद: पाय ठेवायला जागा

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय, थेट कॅरिबियनमध्ये. बेटाचं नाव त्रिनिदाद.

हे नाव मराठी घरांमध्ये पोचलं ते क्रिकेटमुळे. मार्च 1971, पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. सुनील गावसकरची पहिली टेस्ट, कॅप्टन अजित वाडेकर, दिलीप सरदेसाईची सेंचुरी. भारतानं वेस्ट इंडीजला टेस्टमध्ये पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. तुमच्या बाबांना किंवा आजोबांना विचारा, रेडिओची गोष्ट नक्की निघेल.

आता फोनवर 'त्रिनिदादमध्ये काय बघायचं' असं टाका. मराकास बीच येईल. संध्याकाळी लालभडक पक्ष्यांचे थवे उतरतात ती करोनी दलदल येईल. डांबराचं नैसर्गिक तळं, पिच लेक, येईल. सगळ्या जागा भारी आहेत, जायलाच हवं. पण आजचा एपिसोड त्या यादीत खाली खाली स्क्रोल केल्यावर सापडणाऱ्या पाच जागांचा आहे. मॅपवर उड्या माराव्या लागतील, कारण आपण काळाच्या क्रमानं जाणार आहोत. आणि पाचही ठिकाणी एकच प्रश्न विचारणार आहोत: या बेटावर पाय ठेवायला जागा कोणाला मिळाली, आणि कशी?

थोडं सेटिंग आधी. त्रिनिदाद आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित लहान. व्हेनेझुएलाचा किनारा इतका जवळ की मध्ये फक्त अकरा-बारा किलोमीटरची खाडी. 1797 पर्यंत स्पेनची सत्ता, मग इंग्रजांची. आणि इंग्रजांना हवी होती साखर. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

पहिली जागा: नंबर असलेली गावं

बेटाच्या दक्षिण भागात, प्रिन्सेस टाउनच्या पुढे, काही गावांची नावं विचित्र आहेत. थर्ड कंपनी. फिफ्थ कंपनी. सिक्स्थ कंपनी. आयटी पार्क वाटतंय ना? ही कंपनी सैन्यातली, म्हणजे तुकडी.

1812 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांचं युद्ध सुरू झालं. अमेरिकेतल्या मळ्यांवरचे अनेक काळे गुलाम पळून इंग्रजांकडे गेले. इंग्रजांनी त्यांची फौज उभी केली, कलोनियल मरीन्स. ज्यांनी त्यांना गुलाम ठेवलं, त्यांच्याच विरुद्ध ही माणसं लढली. युद्ध संपल्यावर प्रश्न आला, यांना ठेवायचं कुठे? 1815-16 मध्ये त्यांना त्रिनिदादच्या जंगलात आणून वसवलं, तुकडीवार. प्रत्येकाला 16 एकर जमीन. म्हणून गावांना तुकड्यांचे नंबर. ही माणसं स्वतःला 'मेरिकिन' म्हणवतात, अमेरिकनचा अपभ्रंश.

आता गंमत बघा. बेटावरच्या मळ्यांत गुलामगिरी चालूच होती. ती कायद्यानं पूर्ण संपायला 1838 उजाडलं. म्हणजे वीसेक वर्षं, एकाच बेटावर, एक काळा माणूस स्वतःच्या 16 एकरांत डोंगरउतारावर भात पिकवतोय आणि काही मैलांवर दुसरा काळा माणूस मालकाची मालमत्ता म्हणून वहीत नोंदलेला आहे. फरक एवढाच की पहिल्याच्या नावावर जमीन होती. तो डोंगरी भात मोरुगा भागात आजही पिकतो. मिळाला तर नक्की खा.

दुसरी जागा: नेल्सन आयलंड

गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. ते आले हिंदुस्थानातून. 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. कलकत्त्याहून साडेतीन महिने लागले होते. आत सव्वादोनशेच्या आसपास माणसं. त्यानंतर 1917 पर्यंत 1,40,000 हून जास्त हिंदुस्थानी या बेटावर उतरले.

हे करारावरचे मजूर. इंग्रजीतल्या 'अ‍ॅग्रीमेंट'चं बोलीत झालं 'गिरमिट', आणि त्यावर आलेला तो गिरमिटिया. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार, आणि खरं सांगू, त्या कराराचं काम तसंच होतं. पाच वर्षं एका मळ्याला बांधलेले. पासशिवाय मळ्याबाहेर सापडलात तर तुरुंग. नोकरीचा बाँड तोडला म्हणून आपल्याला फार तर पैसे भरावे लागतात. इथे काम चुकवणं हाच गुन्हा होता.

यात मराठी माणसं होती का? फारशी नाहीत. त्रिनिदादची जहाजं बहुतेक कलकत्त्याहून सुटत, त्यामुळे त्यांत आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं जास्त, थोडी मद्रासकडची. मुंबई बंदरातून, कोकणातून जे गिरमिटिये गेले ते मॉरिशसला. म्हणून मॉरिशसमध्ये आज मराठी भाषकांचा समाज आहे आणि त्रिनिदादच्या गाण्यांत भोजपुरी आहे.

1866 पासून ही जहाजं आधी नेल्सन आयलंडला थांबत. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, पारियाच्या आखातातलं हे एवढंसं खडकाळ बेट. इथे तपासणी व्हायची. आजारी असेल तो बाजूला, धडधाकट असेल त्याची मळ्यावर रवानगी. मोठं बेट समोर दिसतंय, पण पाय ठेवायचा तो कुणाच्यातरी वहीत नाव चढल्यावरच.

आणि या खडकाचा उपयोग गिरमिट संपल्यावरही थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धात हिटलरपासून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांना 'शत्रू देशाचे नागरिक' म्हणून इथे डांबलं. त्याच काळात कामगार नेते युराया बटलर इथे कैदेत होते. 1970 मध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर, ब्लॅक पॉवर चळवळीतल्या लोकांना इथेच आणून ठेवलं. सरकारं बदलली, खडक तोच. आता जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि त्यांच्या बोटीच्या सहली निघतात. जायचं असेल तर तारीख आधी बघून ठेवा.

तिसरी जागा: सॅन फर्नांडोच्या वेशीवरचा रस्ता

इथे बघायला काही नाही, हे आधीच सांगतो. दक्षिणेतल्या सॅन फर्नांडो शहरात शिरणारे वाहते रस्ते आहेत, बस.

मळ्यांवरची माणसं वर्षातून एकदा मोहरमचा ताबूत काढायची. तिथे त्याला म्हणतात होसे, 'या हुसेन'वरून. मिरवणुकीत मुसलमान असायचे, त्यांच्यापेक्षा जास्त हिंदू असायचे, आणि काळे लोकही ढोल वाजवायला असायचे. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत बघा. तिथेही हा सण हिंदू-मुसलमान मिळूनच करतात.

1884 मध्ये साखरेचे भाव कोसळले होते. मळ्यांवर काम वाढलं, असंतोष वाढला. हजारो मजूर एकत्र ढोल वाजवत शहरात येणार याची सरकारला भीती वाटली. नियम निघाला: मिरवणूक शहरात आणायची नाही, मोठ्या रस्त्यावर आणायची नाही. मजुरांनी अर्ज केला की हा आमचा सण आहे, इतकी वर्षं काढतोय, काढू द्या. अर्ज फेटाळला.

30 ऑक्टोबर 1884 ला ताबूत घेऊन लोक निघाले. शहराच्या वेशीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसच्या आसपास माणसं मेली, शंभराहून जास्त जखमी झाली. नंतर चौकशी झाली आणि सरकारला दोष लागला नाही.

म्हणजे ऊस तोडायला शेत मिळत होतं, पण सण करायला रस्ता मिळत नव्हता. होसे मात्र संपला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि नैऋत्य टोकाच्या सेड्रोसमध्ये तो आजही निघतो. मोहरमच्या दिवसांत तिकडे असाल तर चुकवू नका.

चौथी जागा: सिंहाचं घर

आता वर या, बेटाच्या मधोमध, शगवानस शहरात. मेन रोडवर दुकानांच्या गर्दीत एक पांढरी, जाड भिंतींची इमारत दिसते. दर्शनी बाजूला सिंह. हे लायन हाउस.

पंडित कपिलदेव 1894 मध्ये गिरमिटिया म्हणून आले. 1920 च्या दशकात त्यांनी हे घर बांधलं, आणि थेट भर बाजारात. मळ्यावरच्या बराकीत एका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं, त्या पार्श्वभूमीवर ही इमारत बघा. मग त्या सिंहांचा अर्थ लागतो. याच कुटुंबाचा नातू म्हणजे व्ही. एस. नायपॉल. जन्म 1932, 2001 चं साहित्याचं नोबेल. त्यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या 1961 च्या कादंबरीतलं हनुमान हाउस म्हणजे हेच घर. आणि कादंबरी कशाबद्दल आहे? एका माणसाबद्दल, ज्याला आयुष्यभर फक्त स्वतःचं घर हवं असतं.

पाचवी जागा: समुद्रातलं देऊळ

शगवानसहून नैऋत्येला, आखाताच्या काठावर, वॉटरलू गाव. वाटेत कारापिचाइमाला 85 फुटी हनुमान लागतो. दत्तात्रेय योग सेंटरचा. टूरच्या गाड्या तिथे थांबतात, फोटो होतात. तुम्ही पुढे या.

इथे सिवदास साधू नावाचे मजूर राहायचे. लहानपणी आईवडिलांबरोबर हिंदुस्थानातून आलेले, उसाच्या मळ्यात वाढलेले. 1947 मध्ये त्यांनी किनाऱ्यावर एक छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. कंपनी म्हणाली, पाडा. साधू म्हणाले, नाही पाडणार. प्रकरण कोर्टात गेलं. 1952 मध्ये त्यांना 14 दिवसांचा तुरुंग आणि दंड झाला, आणि देऊळ पाडलं गेलं.

लक्षात घ्या, पहिलं जहाज येऊन तेव्हा शंभरहून जास्त वर्षं झाली होती. हिंदू पद्धतीच्या लग्नाला कायद्याची मान्यतासुद्धा 1940 च्या दशकात कुठे मिळाली होती. त्याआधी नुसतं हिंदू पद्धतीनं लग्न लावलेल्या जोडप्याची मुलं सरकारी कागदावर अनौरस.

बाहेर आल्यावर साधूंनी हिशेब मांडला. जमीन कंपनीची, मग समुद्र कोणाचा? ओहोटी लागली की ते सायकलवरून वाळू, सिमेंट, दगड न्यायचे आणि चिखलातून आत चालत जायचे. पिंपात काँक्रीट भरायचं, ते तळाला बसवायचं, त्यावर भर घालायची. लोक वेडा म्हणायचे. वर्षानुवर्षं हे चाललं, बहुतेक काम एकट्याच्या हातांनी. आणि किनाऱ्यापासून आत, पाण्यात, जमिनीचा एक तुकडा तयार झाला. त्यावर देऊळ उभं राहिलं.

साधूंच्या मृत्यूनंतर लाटांनी ते बरंच खचलं. 1995 मध्ये, पहिलं जहाज आल्याला 150 वर्षं झाली तेव्हा, सरकारच्या मदतीनं ते नव्यानं बांधलं गेलं. आज तिथे आठ कोनांचं पांढरं देऊळ आहे, किनाऱ्यापासून जाणारी वाट आहे, साधूंचा पुतळा आहे. शेजारीच किनाऱ्यावर स्मशान आहे, अंत्यसंस्कार चालू असेल तर फोन खिशात ठेवा. जवळच इंडियन कॅरिबियन म्युझियम आहे, 2006 मध्ये सुरू झालेलं. मळ्यावरच्या घरांतली भांडी, वाद्यं, जुनी कागदपत्रं बघायला तिथे एक तास काढाच.

आणि ज्या साखरेसाठी हे सगळं रामायण घडलं, तिचं काय झालं? धंदा आधी सरकारकडे गेला. 2003 मध्ये ती सरकारी साखर कंपनी बंद झाली आणि हजारो कामगार घरी बसले. ज्या कंपनीनं देवळाला हातभर जमीन दिली नाही तिचा ऊस गेला. चिखलात उभं केलेलं देऊळ आहे.

आज त्रिनिदाद अँड टोबॅगोमध्ये साधारण 35 टक्के लोक हिंदुस्थानी वंशाचे आहेत आणि 30 मे हा 'इंडियन अरायव्हल डे', सार्वजनिक सुट्टीचा दिवस. पण सुट्टी मिळणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. मेरिकिनांनी बंदूक हातात घेतली, कपिलदेवांनी पैसा उभा केला, ताबूतवाल्यांनी जीव गमावला, साधूंनी ओहोटीची वाट बघितली. एका जिल्ह्याएवढ्या बेटावर जागा मिळवायचे इतके रस्ते.

वॉटरलूला जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून जा. पाणी उतरल्यावर तो चिखल उघडा पडतो. काठावर उभं राहून सायकल कुठून गेली असेल याचा अंदाज घ्या. तेवढ्या दोन मिनिटांत जे कळतं ते मला या वीस मिनिटांत नीट सांगता आलं नसेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावात अशी भांडून मिळवलेली एखादी जागा असेल, देऊळ, दर्गा, पाणवठा, शाळा, काहीही, तर मला लिहून पाठवा. काळजी घ्या!