नाण्याची किंमत आणि नाण्याची साक्ष

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरातील एका मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचे प्रदर्शन भरले होते. प्रदर्शन हे केवळ नाव. वस्तुतः तो बाजारच होता. ओळीने मांडलेल्या मेजांवर मखमलीची तबके, त्यांत चांदीसोन्याची नाणी, शेजारी भिंग आणि छोटा तराजू, आणि मेजाच्या कोपऱ्याशी तांब्याच्या नाण्यांचे ढीग. कोणी विकत होते, कोणी घेत होते, तर कोणी आपल्याजवळचे दुबार नाणे देऊन दुसरे मिळवीत होते. शाळकरी मुलापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सर्व वयांचे व सर्व थरांचे लोक तेथे एकाच तन्मयतेने वाकून पाहताना दिसले.

एका तबकात मला एक लहानसे रुप्याचे नाणे दिसले. मूळचे ते क्षहरात क्षत्रप नहपानाचे. परंतु राजाच्या मुखावर तीन कमानींच्या पर्वताची खूण जोराने ठोकलेली होती, आणि मागील बाजूस तसेच उज्जैनी चिन्ह उमटविलेले होते. हा सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप. मी विक्रेत्यास विचारले, हे कोठे सापडले? तो हसून म्हणाला, "माल येतो, साहेब, मालाबरोबर गावाचे नाव येत नाही."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती; ती त्याच्या व्यवसायाची सरळ रीत होती. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. नाण्याला किंमत असते आणि नाण्याला साक्षही असते. यांपैकी पहिली बाजारात वाढते, तर दुसरी पुष्कळदा त्याच बाजारात हरवते.

तथापि बाजाराला दोष देण्यापूर्वी त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. नाण्यांचा व्यापार आपल्याकडे आजकालचा नव्हे. अठराव्या शतकात प्रत्येक संस्थानाची, किंबहुना प्रत्येक टांकसाळीची रुपयाची जात निराळी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवावयाचा तर सराफाकडे जाऊन बट्टा द्यावा लागे. सराफ नाणे वाजवून पाही, तोलून पाही, कस लावून पाही. पुढे १८३५ मध्ये इंग्रज कंपनीने आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला, आणि जुन्या रुपयांचे चलन हळूहळू मावळू लागले. चलनातून गेलेल्या नाण्यास तेव्हा मुख्यतः एकच वाट मोकळी होती, ती म्हणजे सोनाराच्या मुशीची.

ही मूस किती निर्दय असते याची उदाहरणे हवी तेवढी सापडतात. १७८३ मध्ये कलकत्त्याजवळ कालीघाट येथे गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा साठा मिळाला. वॉरन हेस्टिंग्सने त्यांतील बरीच नाणी लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठविली. थोडी संग्रहालयांच्या वाट्यास आली. उरलेल्यांपैकी अनेक निव्वळ सोने म्हणून वितळविली गेली. त्यानंतर पन्नास वर्षांनी चार्ल्स मॅसन नावाचा एक इंग्रज, कंपनीच्या फौजेतून पळालेला आणि नाव बदलून राहिलेला, काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे पोहोचला. तेथील माळावर दरवर्षी निदान तीस हजार नाणी सापडत असावीत, असा त्याचा अंदाज होता. मॅसन येण्यापूर्वी तांब्याची नाणी काबूल आणि चारीकारच्या तांबटांकडे जात, आणि रुप्यासोन्याची टांकसाळीच्या भट्टीत. १८३३ पासून मॅसन ती विकत घेऊ लागला. गिऱ्हाईक मिळाले म्हणून नाणी वाचली!

आणि वाचली ती कसली नाणी? एका बाजूस ग्रीक अक्षरे व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी. कलकत्त्याच्या टांकसाळीतील धातुपरीक्षक जेम्स प्रिन्सेप याच्यासारख्या विद्वानांस त्या दुहेरी लेखांनी खरोष्ठीची किल्ली मिळवून दिली. ग्रीक व रोमन ग्रंथकारांनी भारताच्या वायव्य सीमेवरील मोजक्याच यवन राजांची नावे नोंदविली होती. नाण्यांनी तिसांहून अधिक राजे उजेडात आणले. तांबटाच्या हातोड्याखाली जाणारा एक संपूर्ण कालखंड चार पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकामुळे आपल्या इतिहासात आला. संग्राहकाच्या छंदास हसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

परंतु मॅसनने केवळ नाणी घेतली नाहीत. ती कोणत्या माळावर मिळाली हेही त्याने लिहून ठेवले. सारे मर्म येथेच आहे.

ज्या नाण्यापासून मी आरंभ केला त्याच्याच जातीचा एक मोठा साठा नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडला. त्यात १३,००० हून अधिक रुप्याची नाणी होती. त्यांतील ९,००० हून अधिक, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा ठोकलेला होता. सुदैवाने हा साठा विखरून जाण्यापूर्वी त्याची तपासणी झाली. म्हणूनच त्यातून काय काय निष्पन्न झाले ते पाहण्यासारखे आहे.

नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राने आपला छाप मारला, एवढे तर एकटे नाणेही सांगते. पण हा प्रकार तुरळक नव्हता, जिंकलेल्या राजाचा पैसा आपल्या नावाने चालविण्याचे ते राजकीय धोरण होते, हे कळावयास दोन तृतीयांशांचे प्रमाण लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे सर्व नाणे मूळचे एकट्या नहपानाचेच होते. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या दरम्यान दुसरा कोणी क्षत्रप त्या प्रदेशात नाणी पाडण्याइतका टिकला असता, तर त्याची नाणी या ढिगात यावयास हवी होती. ती आली नाहीत. यावरून गौतमीपुत्राने प्रत्यक्ष नहपानाकडूनच, निदान त्याच्या अगदी लगत, राज्य घेतले हे अनुमान दृढ झाले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असा अभिमान कोरलेला आहे. मातेच्या अभिमानाला पुराव्याचे बळ या साठ्याने दिले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. या अनुमानाचा आधार साठ्यात असलेली नाणी नव्हेत. त्यात नसलेली नाणी होय. आणि 'नाही' ही साक्ष फक्त अखंड साठाच देऊ शकतो. तीच १३,००० नाणी शंभर मेजांवर वाटली गेली असती, तर प्रत्येक नाणे शाबूत राहिले असते, प्रत्येकाला भावही आला असता. आणि तरीही इतिहासाचे एक पान कायमचे फाटले असते.

दुसरे उदाहरण भरतपूर राज्यातील बयाना येथील साठ्याचे. १९४६ मध्ये तेथे जमिनीत पुरलेले एक पात्र निघाले व त्यातील गुप्त सम्राटांची १,८२१ सुवर्णनाणी अभ्यासकांच्या हाती आली. त्यांची सविस्तर सूची डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात जन्मून काशी व पाटणा येथे आपले विद्वत्तेचे आयुष्य वेचणाऱ्या या पंडिताचे स्मरण महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांस विशेष अभिमानाचे वाटेल. साठ्यात द्वितीय चंद्रगुप्ताची ९८३, प्रथम कुमारगुप्ताची ६२८, समुद्रगुप्ताची १८३ अशी गणती भरली. आणि स्कंदगुप्ताचे म्हणून आळतेकरांनी ओळखलेले नाणे किती? अवघे एक! त्या एका नाण्यावरून हे धन स्कंदगुप्ताच्या राज्यारंभी, हूणांच्या स्वारीच्या धामधुमीत पुरले गेले असावे, असा तर्क त्यांनी मांडला. ते एक नाणे आधीच कोणाच्या हाती विकले गेले असते, तर १,८२० नाणी उरूनही पुरणाऱ्याची घटका आपल्याला समजली नसती.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले. आणि सरकारने ते धन स्वतःसाठी घेतल्यास त्याची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूदही केली. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारास परवाना आवश्यक ठरविला व खाजगी निर्यात बंद केली. तरीही सापडणाऱ्याच्या मनात सरकारची भीती असते आणि सोनार घराजवळ असतो. शिवाय ज्या नाण्याला जन्मगाव नाही त्याच्या रांगेत खोटे नाणे निर्धास्तपणे येऊन बसते. श्रीशिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ. नेमकी म्हणूनच त्याची नक्कल करण्याचा मोह मोठा. वजन, कडा, ओतीव धातूवरील बारीक छिद्रे यांवरून पारखी माणूस पुष्कळ ओळखतो. परंतु 'हे अमुक शेतात, अमुक साली निघाले' या नोंदीइतकी बळकट कसोटी दुसरी नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण केवळ विद्वत्तेचे नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कित्येक मराठी कुटुंबांत देवघरातल्या डब्यात लक्ष्मीपूजनाची म्हणून जुनी नाणी जपलेली असतात. कोठे 'श्री राजा शिव' अक्षरांची झिजलेली शिवराई, कोठे शिवलिंग व बिल्वपत्र असलेला महेश्वरचा रुपया, कोठे सूर्यमुखाचा इंदुरी. घरातील वडील माणूस गेले, की एखाद्या दिवशी तो डबा बाजाराकडे निघतो. विकण्यात पाप नाही. गरज कोणाला चुकली आहे? मात्र विकण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: ही नाणी कोणाकडून आली, ते पूर्वज कोणत्या गावचे, कोणाच्या चाकरीत होते, डब्यात एकूण किती व कोणकोणती नाणी एकत्र होती. शक्य तर सर्वांचे एकत्र छायाचित्र घ्यावे. आणि घेणाऱ्याने तो कागद नाण्याइतकाच जपून ठेवावा. पुढे नाणे दुसऱ्याच्या हाती देताना कागदही द्यावा.

ते ठोकलेले नाणे मी त्या दिवशी घेतले नाही. त्याऐवजी कोपऱ्यातील ढिगातून एक शिवराई घेतली. घरी आल्यावर पाकिटावर वजन लिहिले, व्यास लिहिला, अक्षरांची ठेवण लिहिली. 'कोठे मिळाली' या ओळीपुढे मात्र मला त्या मंगल कार्यालयाचेच नाव लिहावे लागले.